त्रिक-श्रोणी सांध्याच्या शोथाचे निदान आणि किरणोत्सर्गी समस्थानिके : एका परीक्षापद्धतीचा इतिहास

१. प्रास्ताविक

पाठीचा कणा कटिप्रदेशात जेथे संपू लागतो तेथे, माकडहाडाच्या लगेच वर, त्रिकास्थी हे पाचरीच्या आकाराचे हाड असते. या हाडाचे दोन्ही बाजूंस श्रोणिफलकाशी जे सांधे होतात त्यांस त्रिक-श्रोणी सांधे म्हणतात. धडाचा सर्व भार या दोन सांध्यांवाटे पायांकडे जातो. त्यांची हालचाल अत्यल्प, जागा खोल आणि पृष्ठभाग उंचसखल व तिरकस असल्यामुळे हाताने चाचपून त्यांची परीक्षा समाधानकारक होत नाही. क्ष-किरणांच्या छायाचित्रातही त्यांच्या कडा एकमेकींवर पडून अस्पष्ट होतात.

या सांध्यांना शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज, येण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा विकार होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेख्तेरेव, स्ट्र्युंपेल व मारी यांनी त्याची वर्णने केली. त्या वर्णनांतील रुग्ण पाठीचा कणा काठीसारखा ताठ झालेले, मान वळवू न शकणारे असे होते. परंतु ही विकाराची अखेरची अवस्था आहे. त्याचा आरंभ बहुधा विशी-तिशीतील तरुणांत कमरेच्या दुखण्याने होतो. पहाटे दुखण्याने जाग येणे, सकाळी अंग आखडलेले असणे आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने आराम पडणे, ही त्याची लक्षणे होत. कंबर दुखणाऱ्या माणसांची संख्या सर्वत्र मोठी असल्यामुळे हे तरुण त्या गर्दीत हरवून जातात. लचक, गृध्रसी, मणका सरकणे अशी नावे देऊन त्यांच्यावर उपचार होत राहतात. पहिल्या लक्षणापासून योग्य निदानापर्यंत पाच ते दहा वर्षे जाणे ही या विकाराच्या बाबतीत अनेक देशांत नित्याची गोष्ट ठरली आहे.

हा विलंब टाळण्यासाठी वैद्यकाने जी साधने हाताळली त्यांपैकी किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या साहाय्याने केलेल्या अस्थिचित्रणाचा, म्हणजे ‘बोन स्कॅन’चा, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. १९७० च्या दशकात या पद्धतीने मोठ्या आशा निर्माण केल्या आणि पुढील तीन दशकांत त्या बहुतांशी मावळल्या. आशा का निर्माण झाल्या आणि का मावळल्या, या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच सूत्रात सापडतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. ते सूत्र असे की, हाडातील क्रिया किती वाढली आहे हे या पद्धतीने उत्तम कळते. परंतु निरोगी माणसात ती क्रिया कोठवर असते आणि ती कशामुळे वाढली, हे मात्र कळत नाही.

२. क्ष-किरणांची मर्यादा

रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर हाडांच्या विकारांचे निदान मूलतः पालटले. १९३० च्या दशकात संधिविकारतज्ज्ञांच्या ध्यानात आले की, कण्याचे मणके जुळून येण्याच्या कितीतरी आधी त्रिक-श्रोणी सांध्यांत बदल घडलेले असतात. तेव्हापासून या सांध्यांचे छायाचित्र हा निदानाचा पाया झाला. १९६१ मध्ये रोम येथे आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे निदानाचे निकष ठरविण्यात आले. न्यूयॉर्क निकषांत सांध्याच्या बदलांना शून्य ते चार अशा श्रेणी देण्यात आल्या. १९८४ मध्ये सुधारलेले न्यूयॉर्क निकष प्रसिद्ध झाले, त्यांतही क्ष-किरण चित्रातील पुरावा अनिवार्यच राहिला.

यातील अडचण उघड आहे. क्ष-किरण चित्रात शोथ दिसत नाही. शोथाने मागे ठेवलेल्या खुणा दिसतात. सांध्याच्या कडांची झीज, लगतच्या हाडाचे काठिण्य, सांध्यातील फटीचे अरुंद होणे आणि अखेर दोन्ही हाडे एकजीव होणे, या त्या खुणा होत. हाडातील खनिजांचा बराच मोठा अंश नाहीसा झाल्यावाचून छायाचित्रात उणीव दिसत नाही. परिणामी चित्र स्पष्ट होईपर्यंत वर्षे लोटतात. शिवाय पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतील फरक इतके सूक्ष्म असतात की, एकच चित्र दोन तज्ज्ञांनी वाचले तर त्यांचे मत जुळेलच असे नाही. इतकेच नव्हे, तर एकाच तज्ज्ञाने काही काळाने पुन्हा वाचले तरी ते जुळेलच असे नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात असे आढळले की, विशेष प्रशिक्षण देऊनही या वाचनात लक्षणीय सुधारणा झाली नाही.

तेव्हा झालेली हानी दाखविणाऱ्या साधनाऐवजी चालू असलेली क्रिया दाखविणारे साधन हवे होते. या साधनाची मूळ कल्पना वैद्यकातून नव्हे, तर रसायनशास्त्रातून आली.

३. हाड हे जिवंत ऊतक आहे

किरणोत्सर्गी अणू रासायनिक दृष्ट्या आपल्या स्थिर भावंडांसारखाच वागतो, परंतु तो कोठे आहे हे त्याच्या किरणांवरून ओळखता येते, ही कल्पना हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी यांनी १९१३ मध्ये पानेट यांच्यासमवेत प्रथम वापरली. १९२३ मध्ये त्यांनी वनस्पतींतील शिशाच्या वहनाचा या रीतीने मागोवा घेतला. परंतु निसर्गात आढळणारी किरणोत्सर्गी द्रव्ये प्रायः जड मूलद्रव्यांची असल्याने प्राण्यांच्या शरीरव्यापारात त्यांचा उपयोग मर्यादित होता. १९३४ मध्ये ईरेन व फ्रेडरिक जोल्यो-क्यूरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला आणि ही अडचण दूर झाली. दुसऱ्याच वर्षी कोपनहेगन येथे हेवेशी व शीवित्स यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस उंदरांना खाऊ घालून तो त्यांच्या हाडांत जातो व तेथून पुन्हा बाहेरही पडतो, असे दाखविले.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. हाड म्हणजे एकदा बांधून पुरी झालेली इमारत, ही समजूत त्याने मोडली. हाडाची झीज व भर अखंड चालू असते आणि जेथे ही उलाढाल वाढते तेथे खनिज द्रव्ये अधिक वेगाने ओढली जातात. शोथ, अस्थिभंग, अर्बुद यांपैकी काहीही असो, हाड त्याला नवे हाड घालूनच उत्तर देते. अस्थिचित्रणाची सर्व उपयुक्तता आणि त्याची सर्व मर्यादा या एका वाक्यात सामावलेली आहे.

तथापि फॉस्फरसपासून निघणारे बीटा किरण शरीराबाहेर पोहोचत नाहीत. बाहेरून चित्र घ्यावयाचे तर गॅमा किरण देणारे समस्थानिक हवे आणि ते टिपणारे यंत्रही हवे. यंत्राची गरज दोन टप्प्यांत भागली. बेनेडिक्ट कॅसेन यांनी १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे रुग्णावरून रांगेरांगेने फिरणारे स्कॅनर बनविले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॅल अँगर यांनी बर्कली येथे संपूर्ण भाग एकाच वेळी टिपणारा गॅमा कॅमेरा सिद्ध केला. समस्थानिकाची गरज भागविण्यासाठी कॅल्शियमच्या कुळातील स्ट्राँशियमकडे लक्ष वळले. १९६१ मध्ये फ्लेमिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्राँशियम-८५ वापरून हाडांतील विकृतींची चित्रे प्रसिद्ध केली.

४. अर्धायुष्याचा प्रश्न

स्ट्राँशियम-८५ चे अर्धायुष्य सुमारे ६५ दिवसांचे आहे. म्हणजे हाडात शिरलेल्या द्रव्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे फारच थोडे द्रव्य देता येई, चित्र पुसट येई आणि तरीही रुग्णाला मिळणारी किरणांची मात्रा मोठी होई. या कारणाने अमेरिकेत त्याचा उपयोग मुख्यतः कर्करोग सिद्ध झालेल्या रुग्णांपुरता मर्यादित ठेवण्यात आला होता. ज्यांचे आयुष्य मुळातच धोक्यात आहे त्यांना हा धोका पत्करता येई. कंबर दुखणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणाला तो कसा पत्करावा?

हा प्रश्न अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या संदर्भात विशेषच तीव्र होता. या विकाराच्या वेदना कमी करण्यासाठी कण्यावर क्ष-किरणांचा मारा करण्याची रीत १९३० च्या दशकापासून ब्रिटनमध्ये रूढ होती. कोर्ट ब्राउन व रिचर्ड डॉल यांनी १९३५ ते १९५४ या काळात असे उपचार घेतलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी करून १९५७ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. या रुग्णांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी पटींनी अधिक आढळले. मानवावरील किरणोत्सर्गाच्या परिणामांविषयीचे आपले पुष्कळसे ज्ञान ज्या थोड्या मानवी समूहांपासून आले त्यांत या रुग्णांची गणना होते. ज्या विकाराच्या रुग्णांनी किरणांची किंमत मोजली होती त्याच विकाराच्या निदानासाठी पुन्हा दीर्घजीवी किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात घालणे कोणाही विचारी वैद्यास रुचणारे नव्हते.

म्हणून या परीक्षेचा इतिहास एका अर्थाने अर्धायुष्य कमी करण्याचा इतिहास आहे. १९६२ मध्ये ब्लाऊ, नॅग्लर व बेंडर यांनी ११० मिनिटे अर्धायुष्य असलेले फ्लुओरीन-१८ अस्थिचित्रणासाठी सुचविले. हाडाला फ्लुओराइडची ओढ मोठी असते. चित्र उत्तम येते. परंतु हे समस्थानिक दूरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंतच विरून जाई, आणि त्याचे अधिक ऊर्जेचे किरण तत्कालीन कॅमेऱ्यांना नीट पेलत नसत. दुसरा पर्याय स्ट्राँशियम-८७ एम याचा होता. त्याचे अर्धायुष्य २·८ तासांचे असून ते यिट्रियम-८७ पासून रुग्णालयातच वेगळे काढता येई. बेल्जियममधील घेंट येथील वान लारे, वेस व मिलांट्स यांनी १९७२ मध्ये याच समस्थानिकाने अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या रुग्णांतील त्रिक-श्रोणी सांध्यांचे चित्रण केल्याचे प्रसिद्ध केले. या विषयावरील आरंभीच्या लेखांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. तरुण रुग्णांचे सांधे या रीतीने पाहता येतील एवढा किरणांचा धोका तोवर उतरला होता, ही गोष्ट त्यावरून दिसून येते.

५. टेक्नेशियम आणि फॉस्फेट

परंतु स्ट्राँशियम-८७ एम हे रक्तातून सावकाश निघून जाते. अर्धायुष्य संपत आले तरी आजूबाजूच्या ऊतकांत त्याचा अंश उरतो आणि हाडाचे चित्र त्यात बुडून जाते. ही अडचण टेक्नेशियम-९९ एम याने सोडविली. टेक्नेशियम हे मूलद्रव्य पेरिए व सेग्रे यांनी १९३७ मध्ये पालेर्मो येथे, बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून शोधून काढले होते. सेग्रे व सीबोर्ग यांनी लवकरच त्याचे सहा तास अर्धायुष्य असलेले रूप ओळखले. ते सुमारे १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण देते आणि ही ऊर्जा अँगर यांच्या कॅमेऱ्यास अगदी अनुरूप आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकहेव्हन येथील प्रयोगशाळेत टकर व ग्रीन यांनी मॉलिब्डेनम-९९ पासून टेक्नेशियम वेगळे काढणारे जनित्र तयार केले. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तासांचे असल्याने एक जनित्र आठवडाभर पुरे. त्यातून रोज सकाळी ताजे टेक्नेशियम काढून घ्यावयाचे. प्रयोगशाळांच्या बोलीत या जनित्रास ‘गाय’ व या कृतीस ‘दूध काढणे’ म्हणत. या शोधास मोठी बाजारपेठ मिळेल असे न वाटल्याने त्याचे एकस्व घेण्याचा प्रस्ताव पुढे गेला नाही. याच टेक्नेशियमवर पुढे जगातील बहुसंख्य अणुवैद्यकीय चित्रणे आधारली गेली.

टेक्नेशियमला स्वतःस हाडाची ओढ नाही. ती त्यास फॉस्फेटाच्या साखळीशी जोडून द्यावी लागते. हे कार्य मूळचे भारतीय असलेले गोपाल सुब्रमण्यम व जॉन मॅकॅफी यांनी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे केले व १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेल्या पॉलिफॉस्फेटातील फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस हा बंध शरीरातील विकरे तोडून टाकीत. त्याच्या जागी फॉस्फरस-कार्बन-फॉस्फरस असा न तुटणारा बंध असलेली डायफॉस्फोनेटे आली. १९७५ मध्ये सुब्रमण्यम व सहकाऱ्यांनी मेथिलीन डायफॉस्फोनेट या संयुगाची श्रेष्ठता दाखवून दिली. नवे हाड घडत असते तेथील खनिजस्फटिकांच्या पृष्ठभागावर हे संयुग चिकटते. उरलेले मूत्रावाटे जलद निघून जाते आणि दोन ते चार तासांत हाडाचे स्वच्छ चित्र मिळते. रुग्णास मिळणारी मात्रा काही मिलिसीव्हर्टांपुरती राहते.

या विद्येचा महाराष्ट्राशी संबंध तुर्भ्याच्या अणुसंशोधनातून आला. तेथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ आणि १९६० मध्ये ‘सायरस’ या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या व समस्थानिकांची निर्मिती देशात होऊ लागली. १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि अणुवैद्यक ही विद्याशाखा भारतीय वैद्यकात रुजली.

६. चित्राकडून आकड्याकडे

साधन हाती आले. आता प्रश्न वाचनाचा होता. कर्करोग हाडात पसरला असता चित्रात एखादा भाग शेजारच्या भागाहून ठळक दिसतो. तेथे डोळा चुकत नाही. त्रिक-श्रोणी सांध्याची गोष्ट निराळी आहे. भार वाहण्याच्या कार्यामुळे निरोगी माणसातही हा सांधा चित्रात आजूबाजूच्या हाडाहून ठळकच दिसतो. शिवाय अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये शोथ बहुधा दोन्ही बाजूंस सारखाच असतो. त्यामुळे डाव्याची उजव्याशी तुलना करण्याचा नेहमीचा उपाय निष्फळ होतो. दोन्ही सांधे सारखेच तेजस्वी दिसतात, आणि हे तेज निरोगी आहे की रोगट, असा प्रश्न उरतो.

याचे उत्तर मोजमापात शोधण्यात आले. गॅमा कॅमेऱ्यास गणकयंत्र जोडले गेले होते. त्यामुळे चित्राच्या कोणत्याही भागातून किती किरण आले याची गणना करता येऊ लागली. दोन्ही सांध्यांवर व मधल्या त्रिकास्थीवर चौकटी आखावयाच्या, प्रत्येकीतील गणना घ्यावयाची आणि सांध्याच्या गणनेस त्रिकास्थीच्या गणनेने भागावयाचे. येणाऱ्या गुणोत्तरास सांध्याचा निर्देशांक म्हणू लागले. दुसऱ्या रीतीत कटिप्रदेशावर एक आडवी पट्टी घेऊन तिच्यावरील गणनेचा आलेख काढीत; आलेखात दोन सांध्यांची दोन शिखरे व मध्ये त्रिकास्थीची दरी दिसे. निरोगी मंडळींच्या निर्देशांकावरून मर्यादा ठरवावयाची आणि ती ओलांडणाऱ्यास रोगी म्हणावयाचे, असा हा साधा विचार होता.

आशेला आणखी एक आधार मिळाला. १९७३ मध्ये लंडन येथे ब्रूअर्टन व सहकाऱ्यांनी आणि लॉस एंजेलिस येथे श्लॉसस्टीन, तेरासाकी व सहकाऱ्यांनी या विकाराचा एच. एल. ए.-बी २७ या प्रतिजनाशी असलेला संबंध स्वतंत्रपणे दाखविला. लंडनच्या पाहणीत ७५ पैकी ७२ रुग्णांत हा प्रतिजन आढळला. रक्तपरीक्षेने संशयित हेरावा व स्कॅनने त्याचा सांधा तपासावा, अशी जोडी जुळून आली. १९७५ मध्ये कॅनडातील रसेल, लेंटल व पर्सी यांनी क्ष-किरण व समस्थानिक या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. १९७७ मध्ये नेमी व सहकाऱ्यांनी बी २७ शी निगडित अशा आरंभीच्या शोथाची परिमाणात्मक परीक्षा मांडली. क्ष-किरण चित्र निर्दोष असताना स्कॅनमध्ये सांधा उजळलेला दिसणे ही गोष्ट अनेकांनी नोंदविली आणि विलंबाची वर्षे आता वाचतील असे वाटू लागले.

७. आकड्याचे परीक्षण

परंतु लवकरच शंका उपस्थित झाल्या. १९७८ मध्ये गोल्डबर्ग, जेनंट व सहकाऱ्यांच्या लेखाच्या शीर्षकातच उपयोगाबरोबर ‘मर्यादा’ हा शब्द आला; १९७९ मध्ये हो व सहकाऱ्यांनी या पद्धतीचे टीकात्मक मूल्यमापन केले. या शंकांचे स्वरूप पुढीलप्रमाणे मांडता येईल.

पहिली अडचण निरोगी माणसांच्या निर्देशांकांतील विस्ताराची. निर्देशांक वयानुसार बदलतो. तरुणांत, विशेषतः वाढ पुरी होत असता, तो अधिक असतो. आणि ज्यांच्यात हा विकार शोधावयाचा ते तरुणच होत. लंगडण्याने, कण्याच्या शस्त्रक्रियेने वा सांध्याच्या साध्या झिजेने भार एका बाजूस पडला तरीही तो वाढतो. चौकटी कोणी व कशा आखल्या यावरही तो अवलंबून असल्याने एका प्रयोगशाळेची मर्यादा दुसरीस लागू पडत नाही.

दुसरी अडचण भाजकाची. त्रिकास्थी हा स्थिर मापदंड गृहीत धरला होता. पण शोथ त्रिकास्थीच्या सांध्यालगतच्या भागातही असतो. काही विकारांत सर्वच हाडांची उलाढाल वाढते. मापदंडच वर सरकला तर गुणोत्तर खाली येते आणि रोगी निरोगी ठरतो.

तिसरी अडचण काळाची. शोथ जुना होऊन सांधा जुळून आला की हाडाची उलाढाल मंदावते व निर्देशांक पुन्हा सामान्य होतो. म्हणजे निःसंशय रोग असलेल्या माणसाचा स्कॅन निर्दोष येऊ शकतो.

चौथी अडचण अभ्यासाच्या रचनेची, आणि विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी. आरंभीच्या कित्येक लेखांत एका बाजूस रोग सिद्ध झालेले रुग्ण व दुसऱ्या बाजूस निरोगी माणसे, अशी तुलना होती. परंतु या दोन गटांतील भेद ओळखण्यास स्कॅनची गरजच नव्हती. ज्याच्यासाठी परीक्षा हवी तो रुग्ण या दोहोंच्या मध्ये असतो. त्याची कंबर दुखते, क्ष-किरण चित्र निर्दोष असते आणि निदान झालेले नसते. शिवाय स्कॅनची परीक्षा ज्या क्ष-किरण चित्राशी ताडून करावयाची त्याचेच अपुरेपण भरून काढण्यासाठी स्कॅनचा जन्म झाला होता. तेव्हा दोहोंत मतभेद झाल्यास चूक कोणाची, हे ठरविणारा तिसरा साक्षीदारच नव्हता.

या सर्व पुराव्याचा पद्धतशीर आढावा सोंग, रुडवालाइट, सीपर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतला. त्यांना असे आढळले की, सिद्ध रुग्णांत स्कॅनची संवेदनशीलता सुमारे ५२ टक्के व संशयित शोथाच्या रुग्णांत सुमारे ४९ टक्के आहे. म्हणजे शंभर रोग्यांपैकी निम्मेच त्यात सापडतात. यांत्रिक कारणाने कंबर दुखणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनाच ती परीक्षा योग्य रीतीने निर्दोष ठरवते.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या शंभर माणसांत पाच जणांना हा विकार आहे असे धरू. साधारणतः असेच प्रमाण गृहीत धरले जाते. संवेदनशीलता निम्मी असल्याने या पाचांपैकी दोघे-तिघे स्कॅनमध्ये सापडतील. उरलेल्या पंचाण्णवांपैकी सुमारे २१ जणांचा स्कॅन विकार नसताही उजळ येईल. म्हणजे उजळ स्कॅनच्या दर नऊ-दहा माणसांत खरा रोगी एक. परीक्षेपूर्वी वीसात एक अशी असलेली शक्यता परीक्षेनंतर दहात एक झाली. एवढ्यावर कोणत्याही तरुणास आयुष्यभराच्या विकाराचे नाव देता येत नाही. आणि निर्दोष स्कॅनवरून निश्चिंतही होता येत नाही.

८. नवे साधन व जुना प्रश्न

तिसरा साक्षीदार चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाच्या, म्हणजेच एम. आर. आय.च्या, रूपाने १९९० च्या दशकात आला. या पद्धतीत किरणोत्सर्ग नाही, आणि शोथामुळे अस्थिमज्जेत साचणारे पाणी तीत प्रत्यक्ष दिसते. १९९६ मध्ये ब्लूम व सहकाऱ्यांनी जर्मनीत सक्रिय शोथाच्या निदानासाठी तीन पद्धतींची तुलना केली. तीत संवेदनशीलता एम. आर. आय.ची ९५ टक्के, स्कॅनची ४८ टक्के व क्ष-किरणांची १९ टक्के भरली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय संधिविकारतज्ज्ञांच्या गटाने वर्गीकरणाचे नवे निकष प्रसिद्ध केले. त्यांत एम. आर. आय.ला क्ष-किरणांच्या जोडीने स्थान मिळाले, समस्थानिक चित्रणाला मिळाले नाही. तोवर निदानाचे व्यावहारिक महत्त्वही वाढले होते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या शोथकारी प्रथिनास रोधणारी औषधे २००३ पासून या विकारासाठी मान्य होऊ लागली होती, आणि लवकर निदान झाल्यास देण्याजोगे काही वैद्याच्या हाती आले होते.

तथापि स्कॅनच्या इतिहासातील मुख्य प्रश्न येथेही उभा राहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ निरोगी व्यक्तींपैकी ११ जणांचे एम. आर. आय. रूढ व्याख्येनुसार शोथदर्शक ठरले. धावपटूंत आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांतही असे आढळले. भार वाहणारा सांधा भाराची खूण अंगावर बाळगतो, मग ती खूण खनिजाच्या उलाढालीत दिसो वा मज्जेतील पाण्यात. निरोगी माणसांच्या मर्यादेचा अभ्यास साधनाच्या प्रसारानंतर झाला, हा क्रम दोन्ही वेळा सारखाच राहिला.

याचा अर्थ समस्थानिक चित्रण टाकाऊ ठरले असा नाही. जेथे विकृती एका बाजूस असते तेथे डाव्या-उजव्याची तुलना पुन्हा उपयोगी पडते. पू करणाऱ्या जंतूंमुळे वा क्षयामुळे एका सांध्यास झालेला संसर्ग क्ष-किरण चित्रात दिसण्यापूर्वीच स्कॅनमध्ये उजळतो. वृद्ध स्त्रियांतील ठिसूळ त्रिकास्थीचा भंग इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या तेजामुळे ओळखता येतो. दुखणे नेमके कोठले हे ठरत नसल्यास सर्व सांगाडा एकाच बैठकीत पाहता येतो. स्कॅनला क्ष-किरण संगणकीय छेदचित्राची जोड देणारी संयुक्त यंत्रे आल्यापासून तेज नेमके कोणत्या भागात आहे हेही कळू लागले. २००९-१० मध्ये कॅनडा व नेदरलँड्‌समधील जुन्या अणुभट्ट्या बंद पडून मॉलिब्डेनमची जागतिक टंचाई झाली, तेव्हा ब्लाऊ यांनी १९६२ मध्ये सुचविलेल्या फ्लुओराइडकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. पॉझिट्रॉन चित्रणाच्या आधुनिक यंत्रांनी त्याची जुनी तांत्रिक अडचण दूर केली होती. २०१० मध्ये त्रिक-श्रोणी सांध्यांच्या शोथासाठीही त्याची परीक्षा प्रसिद्ध झाली.

९. समारोप

येथवर केलेल्या विवेचनाचा सारांश असा. त्रिक-श्रोणी सांध्याच्या समस्थानिक चित्रणाचा उदय तीन गोष्टींच्या संयोगाने झाला : हाड सतत घडत असते हे हेवेशी यांचे ज्ञान, अल्पायुषी समस्थानिकांमुळे तरुण रुग्णांसाठी स्वीकारण्याजोगा झालेला धोका आणि गणकयंत्रामुळे शक्य झालेले मोजमाप. त्याचा ऱ्हास यंत्राच्या दोषाने झाला नाही. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देत होते. हाडाची उलाढाल वाढली आहे काय, हा तो प्रश्न होता. वैद्याला हवे असलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे होते : ही वाढ शोथामुळे आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यास लावले गेले, आणि गुणोत्तराच्या दशांश स्थळांनी ही उसनवारी काही काळ झाकून ठेवली.

यातून घ्यावयाचा बोध व्यापक आहे. आकडा आला म्हणजे वस्तुनिष्ठता आली असे नाही. आकड्याच्या मागे निरोगी माणसांचा विस्तार, भाजकाची निवड आणि अभ्यासासाठी निवडलेल्या रुग्णांचे स्वरूप उभे असते. परीक्षापद्धतीचे मूल्य ज्या रुग्णांत निदान संशयित आहे त्यांच्यातच ठरते, ज्यांच्यात ते ठरलेले आहे त्यांच्यात नव्हे. आणि पहाटे तीन वाजता कमरेच्या दुखण्याने उठून घरात येरझारा घालणाऱ्या तरुणाची विचारपूस करण्याचे काम कोणत्याही किरणाने वैद्यावरून काढून घेतलेले नाही. त्या विचारपुशीने शंका बळावली असेल तेथेच चित्राचा आधार खऱ्या अर्थाने आधार होतो. शंकाच नसेल तेथे उत्तमातील उत्तम चित्रही नवा गोंधळ निर्माण करते. पन्नास वर्षांच्या या इतिहासाने हे पुरेसे स्पष्ट केले आहे.